मातीचे पहिले धडे

श्रावण लागला कीं आपल्या घरांत माती देवाच्या पाटावर चढूं लागते. नागपंचमीला मातीचा नाग, पिठोरीच्या अवसेला पोळ्याचे मातीचे बैल, भाद्रपदांत हरितालिका व पार्थिव गणपति, पुढें विदर्भांत घरोघर बसणारी भुलाबाई, आणि शेवटीं दिवाळीच्या पणत्या. असे तीन महिने माती घरांत ये-जा करीत असते. पण घरांतल्या मुलांचा तिच्याशीं संबंध काय? बाजारांतून आणलेली मूर्ति दुरून पाहावयाची आणि ‘हात लावूं नको, मोडेल’ हें वाक्य ऐकावयाचें, इतकाच.

मागील अंकांत या सदरांत पाठांतराविषयीं लिहिलें. या वेळीं अक्षराच्याही आधींची एक विद्या घेतों. चार ते आठ वर्षांच्या मुलांना मातीच्या वस्तु करावयास कशा शिकवाव्या, हा आजचा विषय. वरवर पाहतां तो करमणुकीचा दिसतो. परंतु मुलाला आपण हुशार म्हणतों कीं मंद म्हणतों, याचा निवाडा कित्येकदां याच ठिकाणीं येऊन फिरतो, तें ओघानें पुढें येईलच.

या उद्योगावर आपल्या घरांतून तीन आक्षेप निघतात. घर घाण होतें, हा पहिला. अभ्यास बुडतो, हा दुसरा. तिसरा कोणी मोठ्यानें उच्चारीत नाहीं, पण तो मनांत असतो: हें कुंभाराचें काम, आपल्या मुलांचें नव्हे. पहिल्याचें उत्तर एक गोणपाट आणि एक बादली हें आहे. दुसऱ्याचें उत्तर या लेखांत मिळेल. तिसऱ्याविषयीं मात्र आधीं बोललें पाहिजे.

ज्या घरांत उपनिषदांचें नांव आदरानें घेतलें जातें, त्या घरानें छांदोग्यांतील उद्दालकाचें स्मरण करावें. श्वेतकेतु बारा वर्षें गुरुगृहीं राहून, सर्व वेद पढून, ताठ मानेनें घरीं परत आला. त्याचा ताठा उतरविण्यासाठीं बापानें पहिला दृष्टांत दिला तो मातीच्या गोळ्याचा. एक गोळा खरोखर कळला कीं मातीचें जें जें म्हणून आहे तें कळलें. घट काय, परळ काय, नांवें तेवढीं निराळीं. पुढें नाटककारांकडे पाहावें. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’ला नांवच मातीच्या गाडीवरून पडलें. शेजाऱ्याच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून रडणारा रोहसेन आणि त्याच्या मातीच्या गाडींत आपले दागिने भरणारी वसंतसेना ही जोडी कोणता वाचक विसरेल? ‘शाकुंतला’च्या सातव्या अंकांत सिंहाच्या छाव्याशीं झोंबणाऱ्या सर्वदमनाचें मन वळविण्यासाठीं तापसी रंगविलेला मातीचा मोर आणते, आणि त्या मोराच्या वर्णनांत आईचें नांव ऐकल्याचा भास होऊन तें मूल चमकतें. राजपुत्राच्या हातीं मातीचें खेळणें देतांना कालिदासाला संकोच वाटला नाहीं. मग आपल्याला कां वाटावा? आणि ही केवळ नाटकांतली गोष्ट नव्हे. पुणें जिल्ह्यांत इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ या काळांत जें उत्खनन केलें, त्यांत तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तींत मातीचा बैल आणि मातीची स्त्रीमूर्ति सांपडली. महाराष्ट्रांतील माणसाचा हात आणि माती यांची ओळख एवढी जुनी आहे.

आतां शिक्षणाच्या बाजूनें पाहूं. जर्मनींत फ्रेबेलनें १८३७ सालीं लहान मुलांसाठीं जी शाळा काढली, तीच पुढें ‘किंडरगार्टन’ या नांवानें जगभर गेली, आणि तिच्या हस्तव्यवसायांत मातीकामाला स्थान होतें. रोममध्यें मॅडम माँटेसोरी यांनीं १९०७ सालीं बालगृह उघडलें. तेथील मुलें चिमुकल्या विटा करून, भाजून, त्यांच्या भिंती रचीत. हा विचार मराठी मातींत रुजविला तो ताराबाई मोडक यांनीं. १९४५ सालीं त्यांनीं बोर्डीस काम आरंभिलें. अनुताई वाघ त्यांच्या साथीला आल्या, आणि महाग परदेशी साधनांवांचून, गांवांत मिळेल त्या वस्तूंतून बालशिक्षण होऊं शकतें हें दोघींनीं करून दाखविलें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंही तीन ते आठ वर्षांचा टप्पा एक मानून त्यांत खेळाला व हाताच्या कामाला मान दिला आहे.

याचें शरीरांतील कारणही ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. माणसाच्या मनगटांत आठ लहान हाडें असतात. जन्मतः तीं हाडें नसतातच, मऊ कूर्चा असते. ती एकामागून एक घट्ट होत जाते आणि सुमारें बाराव्या वर्षापर्यंत हें काम चालतें. अशा हाताला चौथ्या वर्षीं बारीक रेघेंत अक्षर बसविण्यास लावणें म्हणजे वासराला औताला जुंपणें होय. माती मळतांना तळहात, मनगट आणि पांचही बोटें निरनिराळ्या जोरानें काम करतात, आणि चुकलें तर खोडरबर लागत नाहीं. अभ्यास बुडतो कीं अभ्यासाचा पाया भरला जातो, हें आतां वाचकांनींच ठरवावें.

प्रथम माती कोणती घ्यावी तें सांगतों. मी राहतों त्या सिरोंच्यास प्राणहिता गांवाला लागून वाहते आणि थोडें पुढें गोदावरीस मिळते. पूर ओसरल्यावर कांठावर जो गुळगुळीत पोयटा राहतो, तो या कामास उत्तम. तळ्याचा गाळ चालतो. वारुळाची मातीही बारीक व चिकट असते, मात्र वारूळ ओसाड असल्याची खात्री मोठ्या माणसानें करून घ्यावी. नदीवर मुलांना एकटें पाठवूं नये. काळी कपाशीची माती चिकट असली तरी वाळतांना फार आकसते व तडकते. तींत चौथा हिस्सा बारीक वाळू मिसळावी. पुण्यामुंबईच्या वाचकांस गणपतीच्या दिवसांत शाडू मिळतो. तो गुजरातेंतून येतो.

परीक्षा सोपी आहे. करंगळीएवढी वळी करून ती बोटाभोंवतीं गुंडाळावी. भेगा पडल्या नाहींत तर माती चांगली. किंचित् भेगा पडल्या तर पाणी कमी. वळीचे तुकडेच झाले तर वाळू जास्त.

माती आणल्यावर ती उन्हांत कडकडीत वाळवावी, ढेकळें फोडावीं, खडे, मुळें व कांचेचे तुकडे वेंचून टाकावे, आणि ती घमेल्यांत पाणी घालून दोन दिवस भिजत ठेवावी. मग पातळ करून जुन्या चाळणींतून गाळावी, तळाशीं बसूं द्यावी, वरचें पाणी ओतून टाकावें आणि उरलेला चिखल कापडावर पसरून घट्ट होऊं द्यावा. पुढें कणकेसारखी मळावी. मळलेला गोळा ताणलेल्या दोऱ्यानें मधोमध कापून पाहावा. आंत हवेचीं भोंकें दिसलीं तर पुन्हा मळावी. ओल्या गोणपाटांत गुंडाळून झांकून ठेवलेली माती मुरते आणि आठपंधरा दिवसांनीं अधिकच चांगली होते. एका मुलास दोन किलो पुरे.

बाजारांत रंगीत कृत्रिम माती मिळते, तिच्याविषयीं दोन शब्द. विल्यम हार्बट या इंग्रज कलाशिक्षकानें १८९७ च्या सुमारास तेलकट, न वाळणारी माती तयार केली, ती ‘प्लॅस्टिसीन’. त्याच्या विद्यार्थ्यांची माती लवकर वाळे, म्हणून हा खटाटोप. अमेरिकेंतील ‘प्ले-डो’ तर मुळांत भिंतीवरचा कागद पुसण्याचा गोळा होता. १९५६ पासून तो खेळणें म्हणून विकूं लागले. प्रवासांत अशी माती उपयोगी पडते. पण खरी माती वाळते, आकसते, तडकते, पाण्यांत विरघळते आणि आगींत दगड होते. हे पांच धडे त्या डबींत नाहींत.

आतां प्रत्यक्ष कृति. ओट्यावर गोणपाट अंथरावें, प्रत्येकापुढें एक पाट, शेजारीं पाण्याची वाटी व ओला फडका. जुने कपडे घालावे. हाताला जखम असल्यास त्या दिवशीं माती नको. तीनचार वर्षांचें मूल माती तोंडांत घालूं पाहतें, त्याच्याजवळ कोणी तरी बसावें. पहिला दिवस नुसता बडविण्याचा, टोचण्याचा व तोडण्याचा असावा. त्या दिवशीं ‘काय केलेंस?’ असें विचारूं नये.

पहिला धडा गोळ्याचा. दोन तळहातांमध्यें माती फिरवून लाडू करावा. एका टोकास चिमटलें कीं पेरू होतो, दोन्ही टोकांस चिमटलें कीं लिंबू. कळी काढली कीं मोदक, आणि दाबला कीं भाकरी. एका गोळ्यांतून आठ वस्तु निघाल्या म्हणजे उद्दालकाचा दृष्टांत मुलाच्या हाताला कळला. कानाला पुढें कधीं तरी कळेल.

दुसरा धडा वळीचा. गोळा पाटावर ठेवून बोटें सपाट ठेवीत, मधून कडेकडे सरकत लाटावा. जोर दिला तर वळी चपटी होते, म्हणून हात हलका पाहिजे. वळीचें वेटोळें करून फणा उभारली कीं नागपंचमीचा नाग झाला. याच वळीनें ‘ग’ आणि ‘म’ घडवावे. जें अक्षर पाटीवर तीन वेळां चुकतें, तें वळीनें घडवितांना कोठें वळावयाचें तें हाताला उमगतें.

तिसरा धडा वाटीचा. गोळ्यांत आंगठा रोवावा, तळाला अर्ध्या बोटाची माती राखावी, आणि गोळा फिरवीत फिरवीत आंतून आंगठा व बाहेरून बोटें यांच्या चिमटीनें भिंत वर चढवावी. घाई केली कीं कांठ फाकतो. कांठाला एके ठिकाणीं चिमटा काढला कीं पणती तयार. मोठें भांडें करावयाचें तर वळ्या एकीवर एक रचून आंतून बोटानें सांधाव्या. चाक नसतांना माणसानें भांडीं केलीं तीं याच दोन रीतींनीं.

चौथा धडा पोळीचा. पाटावर कापड घालून दोन्ही बाजूंस सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या ठेवाव्या, मध्यें माती ठेवून लाटण्यानें लाटावी; पट्ट्यांमुळें जाडी सारखी येते. बांबूच्या काडीनें हवा तो आकार कापावा. आमच्या जंगलांत साग मुबलक; त्याच्या पानाची खालची बाजू ओल्या पोळीवर दाबली कीं शिरांची जाळी अशी उमटते कीं तसें चित्र कोणा चिताऱ्यास काढतां येणार नाहीं.

पांचवा धडा जोडाचा, आणि बहुतेक घरीं येथेंच माशी शिंकते. मूल डोकें नुसतें टेकवितें आणि वाळल्यावर तें गळून पडतें. दोन्ही तोंडांना काडीनें आडव्याउभ्या खुणा कराव्या, मधें पातळ चिखल लावावा, किंचित् हलवीत दाबावें आणि सांध्यावरून बोट फिरवून तो बुजवावा. कांहीं मुलें असे अवयव जोडतात; कांहीं एकाच गोळ्यांतून पाय, मान, शेपूट ओढून काढतात. दोन्ही रीति खऱ्या आहेत. एकाची दुसऱ्यावर लादूं नये.

हे पांच धडे झाले कीं बैल करावा. रताळ्यासारखें धड, चार आंखूड व जाड पाय, वशिंड, शिंगें, आणि अंगाला चिकटलेली शेपटी. पाय बारीक केले कीं बैल बसतो. त्यास हंसूं नये, कां बसला तें विचारावें. सिरोंचा तालुक्यांतील मुलांना याच्या जोडीला आणखी एक प्राणी करावयास मी सांगतों. आमच्या पोचमपल्ली गांवाजवळ १९५८ ते १९६१ या काळांत एका प्रचंड सरड्याच्या जातीच्या प्राण्याचीं शेंकडों हाडें खडकांतून निघालीं. सुमारें अठरा कोटी वर्षांपूर्वींचा हा वनस्पतिभक्षक. त्याच्या मांडीचें एकच हाड पांच फुटांहून लांब. मोठ्या पायाचा म्हणून ‘बारापा’ आणि रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या स्मरणार्थ ‘टागोरी’, असें ‘बारापासॉरस टागोरी’ हें नांव त्यास मिळालें. त्याचा सांगाडा कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेंत उभा आहे. लांब मान व जड पोट असलेला हा प्राणी मातीचा केला कीं तो पहिल्यांदा हटकून कोसळतो. मग मूल आपण होऊन पाय जाड करतें आणि मानेचा भार तोलण्यास शेपूट लांबवितें. एवढ्या मोठ्या जनावराचे पाय खांबासारखे कां होते, हें त्याला कोणी सांगावें लागत नाहीं.

आतां मघां ज्या निवाड्याचा उल्लेख केला तो सांगतों. माझ्या वर्गांत एकदां सात वर्षांचा एक मुलगा होता. घरची भाषा तेलुगु, शाळेची मराठी. आमच्या या टोंकाला हें नेहमींचें आहे. पाटीवर त्याचें अक्षर उठत नसे आणि प्रश्न विचारला कीं मान खालीं जाई. बुद्धि मंद, असा शिक्का त्याच्यावर आधींच बसलेला. पोळ्याच्या आदल्या आठवड्यांत मीं वर्गांत माती आणली. इतर मुलांनीं चित्रांतले बैल केले. यानें केलेल्या बैलाचें एक शिंग वर वळलेलें व दुसरें अर्ध्यावर तुटलेलें होतें. डाव्या खांद्यावर जुवाचा घट्टाही होता. मीं विचारलें, “बाळ, हें शिंग मोडलें काय?” त्यानें मान हलविली, आणि मग ‘एद्दु’, ‘कोम्मु’ असे आपले शब्द व अर्धीमुर्धी मराठी मिसळून, गाडी ओढ्यांत कशी उलटली, शिंग कसें मोडलें, बापानें हळद कशी भरली, हें सारें सांगितलें. वर्षाच्या आरंभापासून तो एका वेळीं इतकें बोलला नव्हता. त्याचींच वाक्यें मीं फळ्यावर मराठींत लिहिलीं, आणि दुसऱ्या दिवशीं त्यानें तीं बोट ठेवून वाचलीं, कारण त्यांत काय आहे तें त्याला आधींच ठाऊक होतें. तो पुढें वर्गांत पहिला आला असें नाहीं; पण वर्षअखेरीस वाचूं लागला, आणि तो शिक्का पुसला गेला. ज्या मुलानें जुवाचा घट्टा पाहून लक्षांत ठेवला, तो मंद नव्हता. त्याला सांगावयास भाषा नव्हती, एवढेंच.

म्हणून वडील मंडळींस माझी आग्रहाची विनंति आहे. मुलाच्या वस्तूला आपलें बोट लावून ती सुधारूं नये. आजोबांनीं सरळ केलेलें शिंग आजोबांचें होतें, मुलाचें राहत नाहीं. दाखवावयाचें असेल तर आपला निराळा गोळा घ्यावा आणि दाखवून झाल्यावर तो मोडून टाकावा. एकत्र कुटुंबांत चुलत-आते भावंडें शेजारीं बसतात. तेथें ‘बघ, दादाचा कसा छान झाला’ हें वाक्य अगदीं वर्ज्य समजावें. ‘छान’ म्हणण्यापेक्षां ‘याचा हा कान असा कां?’ असें विचारलें तर मूल अधिक बोलतें. आजीबाईंच्या सोंवळ्याचा प्रश्न असल्यास वेळ ठरवून घ्यावी. मागील दारीं, दुपारीं, आणि उठतांना पाट पुसण्याचें काम मुलांचेंच. वाळलेल्या मातीची धूळ झाडूं नये, ओल्या फडक्यानें टिपावी. मुलांनीं स्वतः आवरलें म्हणजे सूनबाईंची तक्रार उरत नाहीं, असा आमच्या घरचा अनुभव आहे.

वस्तु वाळवितांना घाई नको. पहिले दोन दिवस ओलसर फडक्याखालीं, मग सावलींत. आंगठ्याहून जाड भाग आंतून कोरून पोकळ करावा, नाहीं तर बाहेरचें आधीं आकसतें व आंतलें मागाहून, आणि तडा जातो. भाजण्याचा प्रयोग घरच्या चुलींत करूं नये. आंत ओल राहिली तर वाफेनें वस्तु फुटते. गांवांत कुंभार असल्यास मुलांना घेऊन त्याच्याकडे जावें, नमस्कार करावा, आणि त्याच्या आव्यांत एखादी पणती ठेवूं देतो का तें विचारावें. सुमारें ६०० अंशांपुढें मातीच्या अंगीं मुरलेलें पाणी कायमचें जातें आणि मग ती पुन्हा चिखल होत नाहीं. आपल्या घरच्या मुलानें चार वाट्या वांकड्या केल्या म्हणजे चाकावर क्षणांत सरळ घट उठविणाऱ्या माणसाची योग्यता त्याला कळते. मनांतला तो तिसरा आक्षेप यापरता दुसऱ्या उपायानें जाणार नाहीं. चंद्रपूर जिल्ह्यांत भद्रावतीस कृष्णमूर्ति मिरमिरा यांनीं उभारलेल्या ग्रामोदय संघाचें मातीकाम प्रसिद्ध आहे. तिकडे जाणें झाल्यास तें मुलांना अवश्य दाखवावें.

कोणी म्हणेल, यांतून पुढें काय? अलिबागजवळच्या सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर, जन्म १८९१, लहानपणीं घरीं गणपति करीत. देवळाच्या भिंतीवर त्यांनीं काढलेलें शिवाजीमहाराजांचें चित्र ऑटो रॉथफील्ड या कलेक्टरानें पाहिलें आणि मुलाला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्यें धाडण्याची व्यवस्था केली. पुण्यांतील शिवाजीमहाराजांचा अश्वारूढ पुतळा, १९२८, हा त्याच हातांचा. पण शंभरांतलीं नव्याण्णव मुलें शिल्पकार होणार नाहींत, व्हावयासही नकोत. तीं डॉक्टर, वकील, गृहिणी, कारकून होतील. त्यांच्या बोटांत नेमकेपणा आणि डोळ्यांत पाहण्याची संवय राहिली तरी या मातीचें सार्थक झालें.

शेवटीं एक गोष्ट. न भाजलेल्या वस्तु आठवड्याच्या अखेरीस मुलानें स्वतः बादलींत सोडाव्या. एखादी जिवापाड आवडलेली असेल ती फळीवर राहूं द्यावी. बाकीच्या विरघळतांना त्याला पाहूं द्यावें. पहिल्या वेळीं डोळ्यांत पाणी येतें, दुसऱ्या वेळीं तें स्वतःच माती पुन्हा मळावयास बसतें. गणपति पाण्यांत जातांना हुंदका कां येतो आणि तरी पुढल्या वर्षीं पाट कां मांडतात, हें त्याला त्या बादलीपाशीं थोडेंसें समजतें.

पोळ्याला अजून वेळ आहे. या आठवड्यांत माती भिजत घालावी, पुढच्यांत गोळा आणि वळी, त्याच्या पुढच्यांत वाटी व जोड. यंदा पाटावर पूजेला बसणारे बैल घरच्या मुलांच्या हातचे असूं द्यावे. एखाद्याचें शिंग वांकडें असेल, तर तें तसेंच ठेवून त्याला हळदकुंकू वाहावें.